शेल्टरनं ठकीला ठेवून घेतलं नाही

कोथरूडची आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. करार झाला, बिल्डरनं भाडं किती द्यायचं ते ठरलं आणि दसऱ्याच्या आत जागा मोकळी करून द्या असं पत्र आलं. पुण्यात ज्यांनी हे भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. एका इमारतीतली सगळी कुटुंबं एकाच वेळी, एकाच भागात भाड्याचं घर शोधायला निघतात. मुलांच्या शाळा बदलायला नकोत म्हणून सगळ्यांना जवळचंच हवं असतं, आणि एजंट लोकांची दिवाळी श्रावणातच सुरू होते. आमच्यापुढे आणखी एक पेच होता. त्याचं नाव ठकी.

ठकी माझ्या सासूबाईंची. सासरे गेल्यावर आई वाईहून कायमच्या पुण्याला आल्या, तेव्हा दोन ट्रंका, देवांचा डबा आणि ही पिवळट गावठी कुत्री बरोबर आली. वय विचारलं की आई म्हणायच्या, "तुमच्या लग्नानंतर आली आणि चिनूच्या आधी." म्हणजे आठ-नऊ वर्षांची. वाईला अंगणात असायची, पुण्यात गॅलरीत राहायला शिकली. भुंकणं बेताचं. भाजीवाला आला की दोनदा, कुरिअरवाला आला की जरा जास्त.

एजंटांची त्रिसूत्री ठरलेली असते: नॉनव्हेज नाही, बॅचलर नाही, पेट नाही. पहिल्या दोन्हींत आम्ही बसत होतो, तिसरीत अडायचो. एकानं तर मला बाजूला घेऊन समजावलं, "मॅडम, आत्ता सांगूच नका. सामान टाका, मग आठवड्याभरानं हळूच आणा." नातेवाईकांकडे याहून सोपा उपाय तयार होता. "शेल्टरला देऊन टाका की." हे वाक्य त्या दिवसांत मी इतक्या जणांकडून ऐकलं, की शेल्टर म्हणजे नको असलेली वस्तू ठेवायची माळ्यावरची जागा आहे असं मलाही वाटायला लागलं. एका काकांनी भोसरीचं पांजरपोळ सुचवलं. ते गाईगुरांसाठी आहे हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "एका कुत्र्यानं काय होतंय!"

शेवटी आईच म्हणाल्या, "देऊन टाकू. माझ्यापायी तुमचं घर अडायला नको." आणि त्यानंतर दोन दिवस त्या फारशा जेवल्या नाहीत.

मी फोन करायला सुरुवात केली. ते दिवस ऑगस्टचे. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा आदेश दिला होता आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'आता पुण्यातलीही जाणार' अशी चर्चा रंगली होती. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो आदेश बदलला. नसबंदी, लसीकरण करून कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडायची. रेबीजची लागण झालेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळायची. पण तोवर सगळीकडचे फोन खणखणून दमले होते. "लोकांना वाटतं आमच्याकडे मोकळं मैदान पडलंय," पलीकडची मुलगी म्हणाली. काही ठिकाणी सरळ "जागा नाही" असं उत्तर मिळालं. एका संस्थेनं मात्र व्हॉट्सॲपवर अर्ज पाठवला आणि लिहिलं, 'भरून घेऊन या. कुत्रीला आणा. ज्यांची कुत्री आहे त्यांनाही आणा.'

अर्ज चांगला चार पानी होता. काय खाते, कुणाला घाबरते, कधी चावली आहे का, मांजर पाहिल्यावर काय करते, रात्री कुठे झोपते. आई उत्तरं सांगत होत्या, मी लिहीत होते. शेवटच्या पानावर प्रश्न होता: 'ज्या अडचणीमुळे प्राणी देत आहात ती अडचण सुटली, तर प्राणी स्वतःकडे ठेवाल का? हो / नाही.'

"हा काय प्रश्न झाला?" आई चिडून म्हणाल्या आणि माझ्या हातातून पेन घेऊन 'हो'वर इतक्या जोरात गोल केला की कागद फाटायचा राहिला.

शहराच्या कडेला पत्र्याच्या शेडा, मधे चिंचेचं झाड, दारात रिक्षा आणि दुचाकींची गर्दी. मी कल्पनेत शांत, उदास काहीतरी रंगवलं होतं. तिथे सरकारी दवाखान्यासारखी रांग होती. एक रिक्षावाले दादा मांडीवर पर्शियन मांजर घेऊन बसले होते, तिचे केस इतके गुंतले होते की कातरूनच काढावे लागणार होते. भाजी विकणाऱ्या एक मावशी रस्त्यावरचा कुत्रा हातगाडीत घालून आल्या होत्या. त्याच्या मानेवरच्या जखमेत अळ्या पडल्या होत्या आणि पावसाळ्यात हे रोजचंच असल्यासारखं तिथला मुलगा चिमटा, स्प्रे घेऊन शांतपणे कामाला लागला. कॉलेजातली दोन मुलं एक हस्की घेऊन आली होती. कोर्स संपला, आता दोघंही बंगळूरला चाललेत. पुण्याच्या उन्हात हस्की का घेतला असेल हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण मीही ठकीला घेऊन त्याच रांगेत उभी होते.

ज्या ताईंनी आमचा अर्ज घेतला त्यांनी पहिल्यांदा शेवटचं पान उघडलं. मग आम्हाला म्हणाल्या, "चला, आधी जागा बघून घ्या. कुठे ठेवणार ते तुम्हाला माहीत पाहिजे."

एका शेडमध्ये अपघातात मागचे पाय गेलेली कुत्री. दुसरीकडे नसबंदीसाठी आणलेली. ती ऑपरेशननंतर बरी झाली की मूळ गल्लीत परत जातात, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचा कोपरा कापलेला असतो. २०२३ च्या एबीसी, म्हणजे प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार त्यांना दुसरीकडे सोडता येत नाही. तिसरी खोली बंद, बाहेर ब्लीचच्या पाण्याचं घमेलं, त्यात पाय बुडवून मगच आत. तिथे पार्व्हो झालेली पिल्लं. हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने तग धरतो, साध्या फिनाईलला दाद देत नाही, म्हणून ब्लीच. आणि शेवटच्या रांगेत घरातून आलेली. लॅब्रॅडोर, पग, एक म्हातारा पॉमेरेनियन. बाकीची कुत्री माणूस दिसला की जाळीवर उड्या मारत होती. हा पॉमेरेनियन भिंतीकडे तोंड करून बसला होता. मालकीण वारली, मुलगा परदेशात. तो आल्यापासून हातानं भरवल्याशिवाय खात नव्हता.

"घरातली वयस्क कुत्री इथे अशी होतात," ताई म्हणाल्या. "रस्त्यावरच्या कुत्र्याला आवाजाची, गर्दीची सवय असते, याला नसते. शिवाय तुमची ठकी इथे राहिली, की अळ्या पडलेल्या एखाद्याची जागा जाते. मला तिला घ्यायला लागू नये असं वाटतंय. घरमालक सोडून दुसरी काही अडचण आहे का?"

दुसरी अडचण नव्हती. "मग आपण घरमालकाचंच बघू," त्या म्हणाल्या.

शेल्टरकडून मला हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी एक कागद घेतला आणि माझ्याशी एजंटपेक्षा जास्त व्यवहारी बोलायला लागल्या. सोसायटीचा आणि घरमालकाचा प्रश्न वेगळा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. पण घरमालक करारात काय लिहितो तो त्याचा अधिकार, तिथे कायदा दाखवून उपयोग नाही. तिथे कागद दाखवायचे. लसीकरणाचं पुस्तक, नसबंदीचा दाखला, महापालिकेचा परवाना, जुन्या शेजाऱ्यांचं पत्र, एखादा फोटो. "आणि कुत्री आहे हे पहिल्या फोनवर सांगायचं. लपवून नेलेलं कुत्रं तीन महिन्यांत परत आमच्या दारात येतं."

आमच्याकडे यातलं काय होतं? वाईला रेबीजची लस टोचल्याची एक चिठ्ठी. नसबंदी झालेली नव्हती. "मग सुरुवात तपासणीपासून," म्हणत ताईंनी केसपेपर काढून दिला.

डॉक्टर तरुण होत्या, बोलणं कमी. ठकीचं पोट चाचपताना त्या थांबल्या. आईंना विचारलं, "पाणी जास्त पिते का हल्ली?"

"हो, पातेलं रिकामं करते. मला वाटलं पुण्याचं पाणी मानवलं."

"माजावर कधी आली होती?"

"आषाढात."

रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली. गर्भाशयात पू. पायोमेट्रा. नसबंदी न झालेल्या, वय झालेल्या कुत्र्यांमध्ये हे बरंच आढळतं, माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी सुरू होतं, आणि पू बाहेर वाहत नसेल तर कळतच नाही. ठकीचं तसंच होतं. पांढऱ्या पेशी भरमसाट वाढल्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या, औषधानं वेळ घालवण्यात अर्थ नाही, गर्भाशय आत फुटलं तर वाचणार नाही, उद्या सकाळी ऑपरेशन करू.

मी बाहेर येऊन ओळखीच्या एका खासगी दवाखान्यात फोन केला. खर्चाचा आकडा पंचवीस हजारांच्या घरात गेला. शेल्टरमध्ये त्याच्या निम्म्याहून कमी लागले. तिथली पद्धत मला आवडली. केसपेपर काढतानाच रेशनकार्डाचा रंग विचारतात. पिवळं, केशरी असेल तर जवळजवळ फुकट, आमच्यासारख्यांकडून औषधं, भूल आणि टाक्यांचा खरा खर्च घेतात. वर द्यायचे असतील तर द्या, करसवलतीसाठी ८०जीची पावती मिळेल, असा बोर्ड. कुणी आग्रह करत नाही. रिक्षावाल्या दादांकडून मांजरीचे केस कापायचे पन्नास रुपये घेतले होते आणि त्यांनी ते अगदी अभिमानानं मोजून दिले.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ट्रेमधलं गर्भाशय आईंना दाखवलं. एरवी पेन्सिलीएवढ्या असणाऱ्या त्याच्या शाखा केळ्यांसारख्या फुगल्या होत्या. आईंनी नीट पाहिलं, एकच विचारलं, "लहानपणीच केलं असतं तर?" डॉक्टर म्हणाल्या, हे कधीच झालं नसतं, आणि पहिल्या माजाच्या आधी केलं तर स्तनांच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. आईंनी त्याच संध्याकाळी वाईच्या शेजारणीला फोन लावला. तिच्याकडे ठकीची भाची आहे.

आता नवा तिढा. टाके, गळ्यात प्लास्टिकचं फनेल, आणि घरात पॅकिंगचे खोके. घर अजून मिळालेलं नव्हतं. त्यातून पितृपक्ष लागला, त्यात कुणी जागा दाखवायलाही तयार नव्हतं. ताईंकडे याचीही सोय होती: तात्पुरत्या घरांची यादी. दवाखान्यात भरती झालेले एकटे मालक, बाळंतपण, आग, पूर, कोर्टात चाललेली भांडणं, अशा वेळी प्राणी काही आठवड्यांसाठी दुसऱ्या घरी राहतो आणि परत येतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यानं सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत घरं बुडाली, तेव्हापासून ही यादी जास्त मनावर घेतली, असं त्या म्हणाल्या.

ठकीला सहकारनगरमधल्या एका निवृत्त जोडप्याकडे जागा मिळाली. त्यासाठी लेखी करार. मालकी आमचीच राहणार, खाणं आम्ही द्यायचं, औषधाचा निर्णय आम्हाला विचारून, आणि परत न्यायची तारीख. ती तारीख टळली आणि आम्ही फोनही उचलला नाही तर काय, तेही लिहिलेलं. खाली बारीक अक्षरांत प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, कलम ११: उपाशी-तहानलेलं राहील अशा अवस्थेत प्राणी टाकून देणं हा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर जास्तीत जास्त पन्नास रुपये. मी दोनदा वाचलं. ताई म्हणाल्या, "म्हणून आम्ही दंडाची भीती घालत नाही. तारीख घालतो."

ते जोडपं रोज संध्याकाळी फोटो पाठवायचं. आई तो फोटो मोठा करून फनेल सरळ आहे का ते बघायच्या आणि मला उत्तर लिहायला लावायच्या. एकदा फोटोत ठकी सोफ्यावर दिसली. "त्यांना सांग, सोफ्यावर बसवायचं नाही, मग उतरत नाही." मी सांगितलं नाही.

याच काळात ताईंनी एका रविवारी मला बोलावलं. २८ सप्टेंबर, लुई पाश्चरचा स्मृतिदिन, जागतिक रेबीज दिन. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत मोफत लसीकरण होतं आणि त्यांना वहीत नोंदी लिहायला माणूस हवा होता. मुलं ओढणी, नाडी, सुतळी, मिळेल ते गळ्यात बांधून कुत्री ओढत आणत होती. एकानं बोकड आणला, त्याला परत पाठवलं. मी विचारायचे, "मालकाचं नाव?" उत्तर यायचं, "आमचाच आहे. म्हणजे गल्लीचा." वहीत 'मालक' असा एकच रकाना होता, त्यात मी गल्लीची नावं लिहिली. एक स्वयंसेवक मुलांना दाखवत होता: चावलं तर हळद-मिरची लावायची नाही, वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. एका आजीनं विचारलं, "चौदा इंजेक्शनं पोटात का?" त्यानं सांगितलं, ती केव्हाच गेली, आता दंडात, पाचेक वेळा. अर्धी वस्ती तेवढ्या उत्तरासाठी गोळा झाली.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं तिथलं काम हेच वाटलं. आम्ही शेल्टर शोधत गेलो होतो. या लोकांना शेल्टर शोधायला वेळ नाही, रोजगार बुडतो. गल्लीतच टोचलं तर टोचलं. कुत्र्याला जेवण घालणारे भरपूर असतात, पण रिक्षा करून दवाखान्यात नेणारा एखादाच. ती रिक्षा वाचवणं हे संस्थेचं निम्मं काम आहे. दुर्दैवानं देणगीदारांना फोटो लागतात ते जखमी कुत्र्यांचे. सुतळीला बांधलेल्या धडधाकट कुत्र्याच्या फोटोला पैसे येत नाहीत, असं ताई हसत म्हणाल्या. त्या हसल्या, मला तितकंसं हसू आलं नाही.

घर मात्र त्या कागदांनी मिळवून दिलं. नसबंदीचा दाखला, नवी रेबीजची लस, त्या दाखल्यावर महापालिकेचा ऑनलाइन परवाना, आमच्या तळमजल्यावरच्या जोशी आजींचं पत्र ('कुत्री सभ्य आहे' एवढंच, सही, तारीख). कर्वेनगरला एक तळमजला होता, मालक निवृत्त बँकवाले. पहिल्या फोनवर मी ठकीचं सांगितलं, त्यांनी "नको" म्हटलं. मी म्हटलं, कागद पाठवते, बघून मग नको म्हणा. बँकवाल्यांना कागद आवडतात हे मी गृहीत धरलं आणि ते खरं निघालं. त्यांनी ठकीला पाहायची इच्छा दाखवली. सहकारनगरला गेले, तिनं त्यांच्या बुटांचा वास घेतला आणि झोपली. त्यांना भुंकण्यापेक्षा दारांवरच्या ओरखड्यांची जास्त काळजी होती. नोंदणीकृत करारात कलम पडलं: कुत्री एक, नाव ठकी, परवाना क्रमांक अमुक, दार-फरशीची दुरुस्ती डिपॉझिटमधून. दुसरं कुत्रं आणायचं झाल्यास लेखी परवानगी. आईंनी कराराची प्रत मागून घेतली आणि ठकीच्या नावाखाली बोट ठेवून वाचली.

दसऱ्याला सामान हललं, ठकी नंतर आली. दिवाळीच्या आधी शेल्टरकडून सगळ्यांना एक संदेश आला: पट्ट्यावर मोबाइल नंबर लिहा, अंधार पडायच्या आत फिरवून आणा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री साखळी सोडू नका, खिडक्या लावा. फटाक्यांना बिथरून पळालेली कुत्री शोधण्यात त्यांची दिवाळी जाते. नवीन जागेतून पळालेलं कुत्रं परत येत नाही, त्याला वाट माहीत नसते, म्हणून घर बदललेल्यांना ताईंनी वेगळा फोनही केला. आमची ठकी बाथरूममध्ये बादलीमागे बसून राहिली, आई बाहेर पाट टाकून बसल्या. फराळ तिथेच झाला.

आमचा तो चार पानी अर्ज अजून त्यांच्या फाइलला आहे. पहिल्या पानावर 'अर्ज मागे घेतला' असा शिक्का मारलेला मी पाहिला. असे शिक्के मारलेल्या अर्जांचा वेगळा गठ्ठा आहे आणि ताई त्या गठ्ठ्याची जाडी पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात. हस्कीचं काय झालं ते मी विचारलं. तो अजून तिथेच होता, कूलरसमोर. पॉमेरेनियन मात्र औंधच्या एका कुटुंबाकडे गेला.

परवा घरमालक भाड्याची पावती द्यायला आले होते. जाता जाता दारात थांबले. त्यांच्या बहिणीच्या वाड्यात मांजरी झाल्यात, तिसऱ्यांदा. नसबंदी कुठे करून मिळेल, खर्च किती, पकडायचं कसं. मी आत जाऊन नंबर लिहून दिला. आईंनी स्वयंपाकघरातून सांगितलं, "केशरी रेशनकार्ड असेल तर घेऊन जायला सांग. आणि नऊच्या आत पोचा म्हणावं, नंतर केसपेपर मिळत नाही."